झाकलेल्या कॅमेऱ्यातले ठिपके

संपात गिरणीतली नोकरी सुटली, तेव्हापासून ते म्हातारे कारागीर करी रोडला आधी रेडिओ, मग मोबाइल दुरुस्त करायचे. स्क्रू लावण्याआधी त्यावर हमखास फुंकर मारायचे.

एकदा ते पालिकेच्या माझ्या कचेरीत आले. शेजारच्या भंगारवाल्याला धातूची एक नळी सापडली होती आणि त्याच्या हातांची सालं निघत होती.

"साहेब, कॅमेऱ्याला काळी पट्टी लावून फोन नळीजवळ नेला, तरी स्क्रीनवर पांढरे ठिपके उठतात. लांब नेला की थांबतात. एक्स-रेसारखी घातक किरणं आहेत ती. माणसं पाठवा."

मी हसलो. "अहो, फोन बिघडलाय तुमचा."

आठवड्याने, इस्पितळातून कळवल्यावर, अणुऊर्जा खात्याची माणसं यंत्रं घेऊन आली आणि नळी घेऊन गेली. भंगारवाल्याची चार बोटं कापावी लागली.

तो आठवडाभर ते कारागीर गल्लीच्या तोंडाशी उभे राहून लोकांना परत पाठवत होते. आणि लोक त्यांना सुनावत होते, "साहेब म्हणालेत, काही नाही म्हणून!"