फक्त इनकमिंग

दादाची जिरवायची, एवढं एकच मनात धरून मी बुधवार पेठेत मोबाइलच्या दुकानात गेले होते.

दादा खराडीच्या आयटी पार्कात. फ्लॅट, गाडी, सगळं तिकडेच. आई आणि मी खडकीला, फॅक्टरीच्या क्वार्टरमध्ये; बाबा गेल्यावर त्यांच्या जागी नोकरी मला लागली होती. घरात मोबाइल एकच, माझा, प्रीपेड. तर आमचे दादासाहेब दर रविवारी मिस्ड कॉल द्यायचे. एक रिंग, कट. म्हणजे आता तुम्ही लावा. कॉलेजात लागलेली सवय, पगार एवढा वाढला तरी सुटली नाही. मी मुकाट लावायचे. आई फोन कानाला धरून "बरा आहेस ना, जेवतोस ना, ठेवते, हिचा बॅलन्स जातोय" एवढं घाईघाईने म्हणायची. त्यात व्हाउचरची मुदत संपली की उरलासुरला बॅलन्सही बुडायचा. माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा. आईचं आपलं एकच, त्याला कामं असतात गं.

मग आईला मोतीबिंदूचं ऑपरेशन सांगितलं. "तू त्याला काही बोलू नकोस, मी सांगेन," ती म्हणाली. रविवारी मिस्ड कॉल आला, मी लावला, आई "डोळ्याचं जरा" म्हणतेय तोवर बॅलन्स संपला. त्याने परत लावला? नाव नको. आई बराच वेळ फोन हातात धरून बसली होती. तेव्हाच ठरवलं, आता बास.

त्या सुमारास लाइफटाइम कार्डं निघाली होती. एकदाच पैसे भरा, इनकमिंग जन्मभर. नंबरही जुनाच राहणार होता. दुकानदाराला विचारलं, "जन्मभर म्हणजे कुणाच्या?"

"तुमच्याच धरा," तो मान वर न करता म्हणाला. "कंपनीचा काय भरवसा. टॉकटाइम किती टाकू?"

"काही नको."

"मग फोन करणार कसा?"

"करणारच नाही."

"शहाण्या आहात," तो म्हणाला. हे कौतुक की टोमणा, ते पुण्यात विचारायचं नसतं.

रविवारी एक रिंग वाजली. मी कांदा चिरत होते, चिरत राहिले. आई म्हणाली, "अगं, लाव ना." म्हटलं, "फोनमध्ये दमडी नाही. त्याला गरज असेल तर तो लावेल." पुढच्या रविवारी दोनदा वाजला, त्याच्या पुढच्या वेळी तीनदा. खरं सांगते, प्रत्येक रिंगला मला मनातून उकळ्या फुटत होत्या. आई मात्र माझ्याशी बोलेनाशी झाली. ऑपरेशन तोंडावर आलं तरी त्याचा फोन नाही. शेवटी मीच म्हटलं, टॉपअप मारते, सांगून टाक एकदाचं. "राहू दे," ती म्हणाली, "बघू तरी." दवाखान्यात आम्ही दोघीच गेलो.

घरी आल्यावर डोळ्यावर हिरवी पट्टी बांधून आई पलंगावर बसली असताना फोन वाजला. वाजतच राहिला. दादा. आवाज चढलेला. "किती मिस्ड कॉल दिले, झोपा काढता काय? माझा शाळा सोडल्याचा दाखला शोध. पासपोर्टला हवाय, कंपनी अमेरिकेला पाठवतेय." त्याला सुनवायचं म्हणून काय काय घोकून ठेवलं होतं मी. पण आईने हात पुढे केला.

"जयभीम," ती म्हणाली, आणि उत्तर येईपर्यंत गप्प राहिली. ऑफिसातून बोलताना हा शब्द तो अगदी हळू म्हणतो, तिला ठाऊक होतं. मग सुरू झाली. शेजारणीच्या सुनेचं बाळंतपण, नळाचं पाणी, विहारातली भांडणं, तूरडाळीचा भाव. मध्येच "थांब हं, गॅस बंद करून येते" म्हणून फोन उशीवर ठेवला. गॅस पेटवलेलाच नव्हता. ती हाताची घडी घालून बसून राहिली. फोनमधून "हॅलो, हॅलो" येत होतं. मी तोंडात ओढणी कोंबली. सावकाश फोन उचलून ती म्हणाली, "हं, दाखला ना? बघते सापडला तर." आणि ठेवून दिला.

"डोळ्याचं का नाही सांगितलंस?" मी विचारलं.

"आज दाखल्यासाठी केला होता त्याने. माझ्यासाठी करेल तेव्हा सांगेन."

"आणि नाहीच केला तर?"

तिने पट्टी चाचपून नीट केली. "कार्ड जन्मभराचं आहे म्हणालीस ना? मग घाई काय आहे."