मीठ बंद, खार चालू

लढाईचे दिवस होते. माझ्या सासऱ्यांच्या, आबांच्या, अंगावर सूज आली. जळगावच्या डॉक्टरांनी मूत्रपिंड थकल्याचं सांगून मीठ साफ बंद केलं. खानदेशी माणसाला अळणी जेवण! आबा ताटाकडे बघून असा चेहरा करायचे, की वाढणारीच्याच घशात घास अडावा. हळूहळू त्यांनी जेवणच टाकलं.

मग एकाएकी ते पुन्हा जेवू लागले. आम्हांला वाटलं, जिभेनं हार मानली. पण हातपाय गळाले, उठताना झोक जाऊ लागला. डॉक्टर परत आले आणि नाडी धरून घड्याळावर ठोके मोजू लागले.

"फार सावकाश चाललीय, मध्येच चुकते. अशी नाडी थांबायला वेळ लागत नाही," ते म्हणाले. "जेवायला काय देता?"

सासूबाई साक्रीकडच्या, कुणाला न बिचकणाऱ्या. पदर सावरून अभिमानानं म्हणाल्या, "मीठना एक खडा नई. केळना खार टाकस मी."

केळीचे वाळके खांब जाळायचे, राख भिजवून वरचं पाणी आटवायचं, की खारट चवीचा खार तयार. आम्ही तो पापडात चिमूटभर घालायचो. त्या मिठाऐवजी रोज वरणात घालत होत्या.

डॉक्टरांनी कपाळाला हात लावला. केळीच्या राखेत पोटॅश असतं, ते म्हणाले. धडधाकट माणूस ते लघवीवाटे टाकून देतो. आबांच्या रक्तात ते साठत गेलं. हृदयाचा ठोका बारीकशा विजेवर पडतो, आणि पोटॅश वाढलं की ती वीज मंदावते, वाट चुकते.

माझं डोकं तापलं. सून असून मी बोलले, "मीठ बंद म्हणालात. खाराचं कुठं म्हणालात?"

"खरंय. मी विचारायला हवं होतं," डॉक्टर म्हणाले. भला माणूस.

खार बंद झाला, केळीही बंद झाली. पोटॅश निघून जावं म्हणून भाज्या उकडून पाणी फेकायचं ठरलं. आबांची नाडी हळूहळू ताळ्यावर आली. पण सासूबाई चुलीपुढे बसेनात. "मन्हा हात आते चुलाले नको," एवढंच म्हणायच्या. त्यांच्याकडे बघवत नव्हतं.

एके दुपारी आबांनी मी वाढलेलं ताट सरकवलं. "ती रांधी तं जेवसू," म्हणाले.

सासूबाईंनी उडदाचं वरण केलं, निव्वळ अळणी. आबांनी पहिला घास घेतला. आम्ही सगळे बघत होतो.

"मीठ जरा जास्तच पडी गयं वं."

बऱ्याच दिवसांनी सासूबाई त्यांच्यावर डाफरल्या, "खा चूपचाप!" आणि डोळे पुसत दुसरी भाकरी थापायला बसल्या.