स्टिअरिंगवरून वाचायचं घड्याळ

बाबांच्या घड्याळाची केस छपरावरच्या कवेलूसारखी वाकलेली होती आणि तबकडी अंगठ्याच्या बाजूला कललेली. कारखान्यात लागण्याआधी बाबा एका डॉक्टरांची मोटार चालवत. डॉक्टर जबलपूर सोडून गेले तेव्हा हातातलं काढून त्यांनी ते बाबांना दिलं. मोटार चालवणाऱ्यांसाठीच तशी घड्याळं घडवत असत. दोन्ही हात स्टिअरिंगवर असले, की तबकडी आपोआप डोळ्यांसमोर येई. एरवी वेळ पाहायला मान वाकडी करावी लागे. आई म्हणायची, "यांना वेळ विचारायची तर आधी ट्रक आणून द्या."

एकाहत्तरच्या लढाईच्या वर्षी बाबा ट्रकच्या कारखान्यात टेस्ट ड्रायव्हर होते आणि मी तिथेच नवा अप्रेंटिस. प्रत्येक ट्रक फौजेकडे जाण्याआधी तिलवाऱ्याचा पूल ओलांडून बरगीपर्यंत नेऊन आणायचा. एकानं चालवायचा, दुसऱ्यानं शेजारी बसून तेलाचा दाब आणि इंजिनाची गरमी लिहायची. काही दिवस तो दुसरा मी होतो. घरी बाबा मोजकंच बोलत. ट्रकमध्ये मात्र त्यांना कंठ फुटे.

"आवाज ऐकून राहिला, की नुसताच लिहून राहिला?"

"ऐकून राहिलो."

"मग सांग, गेअर कोणता?"

"तिसरा."

"अच्छा! तिसरा म्हणे. तुझ्या कानांवर ट्रक सोडला, तर लढाई आपण हरलोच समज."

आणि मोठ्यानं हसायचे. ते हसणं मला आजही हवं आहे. इतर कशाची एवढी ओढ मला लागत नाही.

डिसेंबरातल्या एका दुपारी, पुलाच्या थोडं पुढे, बाबांनी डावा हात स्टिअरिंगवरून उचलला आणि घड्याळ पार नाकाशी नेलं. ते घड्याळ घालणाऱ्याला हात उचलावाच लागत नाही, हे त्यांनीच मला शिकवलं होतं. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. तिसऱ्या दिवशी समोरची बैलगाडी त्यांना मी ओरडल्यावर दिसली.

"बाबा, डोळे दाखवून घ्या."

"लढाई संपू दे."

"आणि तोवर?"

"तोवर तू आहेस ना ओरडायला." मग बराच रस्ता गेल्यावर, माझ्याकडे न बघता म्हणाले, "हे गेलं तर मी काय करू रे? स्टोअरमध्ये बसून नटबोल्ट वाटू?"

मी फोरमनला सांगितलं. त्यांनी माझ्याकडे निरखून पाहिलं. "तुम्हारे पिताजी हैं. सोच लो, भैया."

"सोच लिया," मी म्हणालो. खरं म्हणजे विचार करत बसलो असतो तर माझ्यानं सांगवलंच नसतं.

तपासणीत डोळ्यांत मोतीबिंदू निघाला. बाबांना स्टोअरमध्ये बसवलं. कोणी सांगितलं ते फोरमननं उघड केलं नाही. आपण योग्य तेच केलं, हे मी स्वतःला कितीदा समजावलं आहे. रस्त्यावर माणसं होती, शाळेतून परतणारी पोरं होती. तरी बाबांच्या जागी आलेला ड्रायव्हर मला पुलावरून नेऊ लागला, तेव्हा मी चोरासारखा बसून असे.

संध्याकाळी बाबा माझी वाट पाहत ओसरीत बसलेले असत.

"आज कसा होता ट्रक?"

"चांगला होता."

"बरगीला किती वाजता पोचला?"

मी वेळ सांगे. ते मनाशी काही हिशेब करत.

"चढावर गेअर उशिरा टाकून राहिला तो. सांग त्याला."

"तुम्हीच सांगा ना, बाबा. चला एक दिवस."

"मी कशाला? तू आहेस ना सांगायला."

एवढंच म्हणून ते आत जेवायला गेले. फोरमनला सांगणारा मीच, हे त्यांना ठाऊक होतं की नव्हतं, ते मी त्यांना कधीच विचारू शकलो नाही.