डोमाजीच्या इंजिनाची जाळी

ही गोष्ट मी इतकी वर्षं टाळली. सुधारलेल्या इंजिनांच्या गोष्टी रंगवून सांगितल्या; बपेऱ्याच्या डोमाजीचं इंजिन मी बिघडवलं, हे कुणाला सांगितलं नाही.

ऐंशी सालच्या आसपास मी तुमसरला एका पंपसेटच्या दुकानात सर्व्हिस मेकॅनिक होतो. डोमाजीने आमच्याकडून रॉकेलवर चालणारं छोटं इंजिन घेतलं होतं. ते बैलबंडीत घालून तो खळ्याखळ्यावर न्यायचा, धान उडवायचा पंखा त्यावर चालवायचा. तक्रार आली : काळा धूर, ताकद नाही.

गेलो तर एअर क्लीनरवर, म्हणजे हवा गाळणाऱ्या डब्यावर, ओलं फडकं बांधलेलं. कार्बोरेटरमध्ये हवा आणि रॉकेल मिसळतं. हवा कमी पडली की रॉकेल पुरतं जळत नाही.

"इंजिनाचं नाक बांधून ठेवता, अन् मले विचारता धूर काहून येते?"

"भुसा जाते ना साहेब आत."

"मेकॅनिक तुमी का मी?"

फडकं फेकलं. क्लीनरच्या आतली जाळीही काढून टाकली. धूर गेला, पंखा घुमला. खरं तर क्लीनरला लांब पाइप लावून त्याचं तोंड भुशापासून दूर, उंचावर न्यायला हवं होतं. पण पाइप आणायला तुमसरला परत जावं लागलं असतं. कंटाळा केला.

हंगाम संपायच्या आत इंजिन जाम झालं. डोमाजी ते दुकानात घेऊन आला, सोबत गावचे दोघं. मी हेड उघडलं. सिलिंडर ओरखडलेला, तेलात भुशाची धूळ. आत जाऊन मालकांना जाळीचं सांगितलं.

"मग गॅरंटीत नवा सिलिंडर मी देऊ? घासलेटात भेसळ होती म्हणा."

त्या माणसाचा आजही संताप येतो. माझा त्याहून जास्त, कारण मी बाहेर येऊन तेच म्हटलं, आणि चांगलं मोठ्याने.

"डोमाजी, घासलेट खराब भरलं तुमी."

"काहून बे डोम्या, पाणी टाकून राहिला होता का त्यात?" सोबतचा एकजण हसला. डोमाजीने टाकीचं झाकण उघडून वास घेतला.

दुरुस्ती त्याने पदरच्या पैशाने केली. पण याचं इंजिन मध्येच बंद पडतं, ही बोलवा झाली. पुढच्या हंगामात खळ्यांवर दुसऱ्याचा पंखा फिरला.

हवा वाढवण्याआधी त्या हवेत काय आहे ते बघावं. एवढंसं शिकायला मी एका माणसाचा धंदा घालवला.

निवृत्त झाल्यावर माफी मागायला बपेऱ्याला गेलो. म्हातारा डोमाजी अंगणात फवारणीच्या पंपात पेट्रोल भरत होता. फडक्यातून गाळून.

"या साहेब. तुमी घासलेटाचं सांगतलं तवापासून गाळल्याबिगर भरत नाही मी."

मी चहा घेतला. पंप चांगला आहे म्हणालो, आणि उठलो.