टोपी कोणत्या कानावर

"हा कोण?" अण्णांनी अंक माझ्या नाकासमोर धरला.

"तात्यासाहेब!" मी छाती काढून म्हणालो.

"नीट बघ."

मी नीट बघितलं. पाठमोरा पुढारी, धोतर, काखेत छत्री. टोपी उजव्या कानावर. मला दरदरून घाम फुटला.

बहात्तरच्या दुष्काळातली ही गोष्ट. नगरच्या एका साप्ताहिकात मी व्यंगचित्रं काढत असे. अण्णा आमचे मालक, संपादक आणि वेळ पडली तर हमालही. कर्जत तालुक्यातून एका शिक्षकाचं पत्र आलं होतं. दुष्काळी कामावर बाया खडी फोडतात, प्यायला पाणी नाही. आणि पाहुण्यांच्या मोटारी येणार, धुरळा उडायला नको, म्हणून तात्यासाहेबांनी टँकर रस्त्यावर ओतायला लावला. मी चित्र काढलं. रस्ता आ वासून टँकरचं पाणी पितोय. मागे रिकामे हंडे घेतलेल्या बायांची रांग. पुढारी रस्त्याच्या पाठीवरून हात फिरवतोय. खाली ओळ होती: "सावकाश पी, ठसका लागेल."

आता धंद्यातली एक गोष्ट सांगतो. पुढाऱ्यावर जळजळीत अग्रलेख लिहिला, तर तो वाचतच नाही. चित्र मात्र त्याला चार लोक हौसेनं नेऊन दाखवतात. ते दाखवताना त्याच्या तोंडाकडे बघत उभे राहतात. म्हणून चित्र जास्त झोंबतं. दुसरी गोष्ट अशी की चेहरा काढायचा नाही. चेहरा काढला की तो रागावतो आणि तुम्ही सापडता. खूण काढायची.

कर्जत तालुक्यात खूण आयती होती. तात्यासाहेबांची टोपी डाव्या कानावर झुकलेली आणि त्यांचे हाडवैरी आबासाहेब यांची उजव्या. गटातली माणसंही तशीच टोपी घालत. एस.टी.तून कोणी उतरला की तो कोणाचा, हे हॉटेलवाला चहा ओतायच्या आत ओळखत असे.

मग माझी टोपी उजवीकडे कशी गेली? त्या काळी चित्र छापायला जस्ताचा ठसा लागायचा. त्याला ब्लॉक म्हणत. तो पुण्याहून येणार, दोन दिवस जाणार. घाई असली की मी लिनोलियमच्या, म्हणजे रबरासारख्या मऊ पट्टीच्या, तुकड्यावर चित्र स्वतः कोरायचो. लिनोवर कोरलेलं कागदावर उलटं उमटतं, डावं ते उजवं होतं. म्हणून ट्रेसिंग पेपर पालथा घालून मग गिरवायचा. त्या गुरुवारी मी तो पालथा घालायला विसरलो. चित्रात अक्षर असतं तर चूक तिथेच कळली असती. पण ओळ खाली शिशाच्या सुट्या अक्षरांनी, म्हणजे खिळ्यांनी, वेगळी जुळवलेली. झालं! तात्यासाहेबांवर नेम धरला आणि आबासाहेब आडवे झाले.

"शुक्रवारचा अंक टपालानं काल तालुक्यात पोचला. आज सकाळपासून तीन फोन आलेत," अण्णा म्हणाले. "आबासाहेबांच्या एका शब्दावर अर्ध्या तालुक्यातल्या ग्रामपंचायती आपला अंक बंद करतील. तू उद्या जा. पाया पड, लोळण घे, काय वाटेल ते कर. चूक झाली म्हणून खुलासा छापू असं सांग. आबासाहेब शांत झाले नाहीत तर परत येताना ऑफिसात येऊ नकोस, सरळ घरी जा."

तेवढ्यात तात्यासाहेबांचा माणूस पेढे घेऊन आला. चित्र फार आवडलं म्हणे! अण्णांनी एक पेढा खाल्ला आणि माझ्याकडे असं बघितलं, की मी दुसरा उचलला नाही.

बुधवारी सकाळी निघालो. पिशवीत लिनोचा तुकडा आणि दाढीचा आरसा. छापलेलं चित्र आरशात धरलं की टोपी डावीकडे जाते. पुरावाच! एस.टी.त मी तीनदा जागा बदलली. कंडक्टर म्हणाला, "पाव्हणं, ढेकूण चावत्यात का?" मिरजगाव गेलं तरी माझं भाषण जुळेना. आबासाहेब, हे तुम्ही नव्हेच. नको, फार लाचार. आबासाहेब, ही छपाईतली तांत्रिक बाब. नको, फार शहाणं.

आबासाहेब त्यांच्या भागातल्या रस्त्याच्या कामावर भेटतील असं कळलं होतं. कामापाशी उतरलो आणि थबकलो. टँकर उभा होता. बाया हंडे भरत होत्या. रस्ता कोरडा ठणठणीत.

कडेला एक पोक्त बाई हंड्याखाली चुंबळ लावत होती. मी विचारलं, "मावशी, टँकर रोज येतो का?"

"रोज कुटला! आज तिसरा दिस हाय. आदी समदं पानी ह्या रस्त्याच्या नरड्यात. आमी आपलं लांबच्या हिरीवर."

"मग आता कसा काय?"

"पेपरात चित्तर आलं न्हाई का! आबासायेब मुकादमाला म्हनलं, आदी बायांचं हंडं भर, न्हाईतर ते नगरवालं परत छापत्याल."

म्हणजे आबासाहेबांनीही तेच केलं होतं! नगरला कोणालाच पत्ता नव्हता.

"तुम्ही बघितलं ते चित्र?" मी विचारलं.

"बगितलं की. मला वाचता येत न्हाई, पन टोपी वळखाया साळा कशाला लागती? लई हसलो बाया. मुकादम खेकसला, तर आनिक हसलो." मग तिनं मला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. "तुमी कुनाचं म्हनायचं? टोपी दिसंना."

"मी... वाटेतच उतरलो जरा."

ती हंडा घेऊन गेली आणि मी उन्हात येरझाऱ्या घालू लागलो. पंचाईत उघड होती. आरसा काढला तर माझी नोकरी वाचते. पण चित्र आपलं नव्हतंच हे कळलं की आबासाहेबांना कशाची भीती? दुपारपर्यंत पाणी पुन्हा रस्त्यावर. आणि गप्प राहिलो तर पाणी हंड्यात आणि मी घरी. मी पिशवीची गाठ सोडली, बांधली, परत सोडली. तेवढ्यात जीप आलीच.

आबासाहेब उतरले. टोपी उजव्या कानावर. भोवती सहा-सात टोप्या, त्याही उजव्या.

"तूच का रे तो चित्रं काढनारा?"

"होय, आबासाहेब."

"अण्णांचा फोन आल्ता. काईतरी खुलासा हाय म्हनला. बोल, काय खुलासा हाय?"

पाणी हंड्यात पडत होतं, त्याचा आवाज येत होता. माझा हात पिशवीत होता. मी तो रिकामाच बाहेर काढला.

"खुलासा काही नाही. चित्र तुमचंच आहे."

सहा-सात टोप्या एकदम पुढे सरकल्या. आबासाहेबांनी हात वर केला. मला वाटलं, पडली. पण त्यांनी डोकं खाजवलं आणि मला चार पावलं बाजूला नेलं.

"माजं हाय ते मलाबी कळतंय," ते हळू आवाजात म्हणाले. "पन माजं एकट्याचंच का? तो तात्या काय बायांना दूध पाजतो व्हय? त्यानंबी तेच केलंय, माज्या आदी केलंय. त्याचं कवा काडनार?"

मी अत्यंत गंभीर चेहरा केला. "विचार करता येईल."

"विचार न्हाई. येत्या शुक्रवारी पायजे. मग मी तुमच्या अंकाला हात लावत न्हाई."

संध्याकाळी ऑफिसात शिरलो. अण्णा उठून उभेच राहिले. "खुलासा केलास?"

"नाही. ऑर्डर आणलीय."

शुक्रवारी तेच चित्र पुन्हा छापलं, या वेळी ट्रेसिंग पेपर पालथा घालून. "रस्ता क्रमांक दोन" एवढं वर जोडलं. तात्यासाहेबांनी आपल्या गावांतला अंक सहा महिने बंद केला आणि अण्णा तेवढेच महिने मला पेढ्यांवरून बोलले. पण तात्यासाहेबांच्या कामावरही टँकर बायांकडे गेला. दिवसभर नाही, दुपारपर्यंतच. तरी गेला.

माझी चूक मी अण्णांखेरीज कोणाला कळू दिली नाही. नवीन मुलं विचारतात, चित्रावरून कोणी भडकलं तर काय करायचं? मी सांगतो, आठवडाभर खुलासा करू नका. तेवढ्यात तो काय करतो ते बघा.