दारावरच्या कुरडया

आमच्या गाडीला दोनच दारं आहेत आणि त्यातलं डावं आईचं. ते उघडेना म्हणून आईनं सख्ख्या बहिणीशी वर्षभर अबोला धरला आणि मी मे महिन्यात घरच्या घरी सुतार झालो. शेजारपाजारी या दुरुस्तीबद्दल जे सांगतात त्यात माझी टिंगलच जास्त असते, म्हणून मीच एकदा सगळं सांगून टाकतो.

गाडी स्पोर्ट्स कार आहे. लाल, बुटकी आणि माझ्याआधी बरेच हात फिरलेली. सोलापुरात अशी गाडी चालवायची म्हणजे प्रत्येक स्पीडब्रेकरवर तिरकं होऊन, पोट घासत, मागच्या रिक्षावाल्याच्या शिव्या खात पुढं सरकायचं. मी चाळिशी ओलांडून लग्न केलं नाही आणि वर ही गाडी आणली, त्यामुळे घरी कोणीही आलं की आई सुरू होते, "सून आण म्हणलं, तर ह्यो गाडी घिऊन आला. बसायचं म्हणजे जिमिनीवर बसल्यागत."

डाव्या दाराचं बाहेरचं हँडल नुसतं शोभेचं आहे. ते दार आतला छोटा खटका ओढूनच उघडतं. खटक्याभोवती दाराची आतली फळी असते, म्हणजे हार्डबोर्ड, त्यावर पातळ स्पंज आणि वरून काळं रेक्झिन. एका पावसाळ्यात त्या फळीत पाणी मुरलं, पुढच्या उन्हाळ्यात ती तळलेल्या पापडासारखी फुगली आणि नेमकी खटक्यावर येऊन बसली. खटक्यामागं बोट जाईना.

हे आम्हाला कळलं ते गेल्या बुद्धपौर्णिमेला, सोलापूरबाहेरच्या कुंभारी गावात, मावशीच्या घरासमोर. मावशी म्हणजे आईची थोरली बहीण. तिथल्या कामगार वसाहतीत राहते. बुद्धपौर्णिमेची खीर तिच्याकडंच खायची हा आमचा जुना शिरस्ता. आई पांढरी साडी नेसून गाडीत बसली तेव्हा दार ठीक होतं. तासाभराच्या उन्हात फळी आणखी वर आली आणि आई आत अडकली. माझ्या बाजूनं बाहेर काढायला गेलो तर ती हँडब्रेकवर अर्ध्यात थांबली, पदर गिअरला गुंडाळला गेला, आणि "मागं जाऊ का म्होरं?" असं ती विचारत राहिली. शेवटी काच खाली केली आणि मावशीसह चार बायकांनी तिला खिडकीतून ओढून काढली. अख्खी गल्ली जमली होती. मावशी पोट धरून हसली. म्हणाली, "तुज्या लग्नाच्या वरातीला बी एवढी मानसं नव्हती गं!"

आईनं खीर खाल्ली नाही. रिक्षा करून घरी आली. त्यानंतर मावशीचा फोन आला की आई मोठ्यानं म्हणायची, "सांग तिला, मी घरात न्हाय." पलीकडं मावशीला ते स्पष्ट ऐकू जायचं. मी एकदा समजूत घालायला गेलो, तर आईचे डोळे भरून आले. "घरात हसली असती तर मी बी हसले असते की. गल्लीम्होरं हसली." मला त्या दिवसापासून फळीचा भयंकर राग यायला लागला, कारण मावशीवर रागावणं मला परवडणारं नव्हतं. लहानपणी तिनंच मला जास्त सांभाळलं होतं.

यंदा मे महिना लागला तसा मावशीचा मला निरोप आला. "ती आली न्हाय तर मी खीरच करनार न्हाय. मी एकटीनं कुनासाठी शिजवू?" तो आईला सांगितला. ती शेंगा सोलता सोलता म्हणाली, "जाईन. पर त्याच गाडीनं जाईन, त्याच दारानं उतरीन, आन् माज्या हातानं उघडून उतरीन. सगळ्या गल्लीनं बगायला पायजे. हे जमत नसंल तर न्हाय."

म्हणजे दोन बहिणींचं सगळं माझ्या फळीवर आलं.

मेकॅनिककडं गेलो. त्यानं फळी बघितली, खटका बघितला आणि गाडी विकायचा सल्ला दिला. नवी फळी मिळत नाही म्हणाला. घरी येऊन मी मोबाईलवर व्हिडिओ बघितला. कुठल्याशा थंड देशातला एक माणूस स्वेटर घालून सांगत होता की फळी काढा, पाण्यानं ओलसर करा, वजनाखाली ठेवा आणि काही दिवस उबदार जागी राहू द्या. उबदार जागा! आमच्याकडं मे महिन्यात नळाच्या पाण्यानं चहा होतो. सोलापूरच्या माणसाला हे काम सहज जमणार, अशी माझी खात्री पटली.

फळी काढणं सोपं निघालं. ती प्लास्टिकच्या क्लिपांवर बसलेली असते. स्क्रू-ड्रायव्हर घालून उचकटलं की क्लिपा टपाटप उडतात. एक आईच्या शेंगाचटणीच्या बरणीत गेली. ती आईनं नंतर चमच्यानं काढून, धुऊन, "तुज्या गाडीचा दात" म्हणून माझ्या हातावर ठेवली.

रेक्झिन सोलून फळी ओली केली आणि वजन म्हणून आईच्या गादीखाली सरकवली. आईनं लढाईवर निघाल्यासारखं तोंड करून ते मान्य केलं. पण आई कायम उजव्या कुशीवर, भिंतीकडं तोंड करून झोपते, हे माझ्या लक्षात आलं नाही. फळी बाहेर काढली तेव्हा तिला मधोमध आईच्या कमरेचा खड्डा पडला होता. आई मात्र खुश होती. कंबर मोकळी झाली म्हणत होती, आणि फळी परत द्यायला तयारच नव्हती.

मग मी गच्ची गाठली. सपाट जागा बघून सोलापुरी चादरीची घडी अंथरली, त्यावर ओली फळी, फळीवर ट्रंकेत डांबरगोळ्यांसोबत ठेवलेलं, धुतलेलं पांढरं धोतर ताणून पसरलं आणि कडेनं दगड ठेवले. धोतर ओलं केलं, म्हणजे फळी एकदम वाळून तडकणार नाही. काम इतकं नीटनेटकं झालं होतं की मी त्याचा फोटो काढला. मग ऑफिसला गेलो.

माझं चुकलं ते एवढंच. सोलापुरात उन्हाळ्याच्या दिवसांत गच्चीवर पांढरं कापड पसरून कडेला दगड ठेवले, की ते कापड तुमचं राहत नाही. ते वाळवणाचं होतं. संध्याकाळी वर आलो तर माझ्या फळीवर या टोकापासून त्या टोकापर्यंत कुरडया. पांढऱ्या, ओल्या, गोल गोल, एकीला एक चिकटून. शेजारच्या काकू हातात सोऱ्या घेऊन शेवटची घालत होत्या. त्यांच्या घरी पूर्वी माग होते, घरात तेलुगू बोलतात, आणि माझ्याशी मराठीत बोलताना नेहमी रागावल्यासारख्या बोलतात.

"काकू, ही माझ्या गाडीची फळी आहे!"

"फळी खाली असंल. वर कापड हाय की."

"मला उचलायची आहे."

"हात लावू नको! ओल्या हायत. तुटल्या तर तुझ्या आईला काय सांगू? अर्ध्या तिच्या हायत."

मी खाली येऊन आईकडं बघितलं. आई भिंतीकडं बघायला लागली. गहू भिजवल्यापासून चीक शिजवेपर्यंत तिला सगळं माहीत होतं. "जागा बरी दिसली," एवढंच म्हणाली. मी चिडलो, ओरडलो, मावशीकडं तुलाच जायचं आहे ना म्हणून विचारलं. आई शांतपणे म्हणाली, "मोकळ्या हातानं जाऊ व्हय?"

पुढं कुरडया वाळेपर्यंत मी रजा टाकून गच्चीवर कावळे हाकत बसलो. डोक्यावर टॉवेल, हातात वर्तमानपत्राची सुरळी. काकू अधूनमधून येऊन माझ्याकडं न बघता कुरडयांकडं बघून जायच्या.

कुरडया निघाल्या. धोतर निघालं नाही. गव्हाचा चीक धोतरातून झिरपून फळीत शिरला होता आणि वाळून कडक झाला होता. फळी उचलली तर ती दारासारखी सरळ! वाजवली तर टणटण वाजली. काकूंनी बोट फिरवलं आणि म्हणाल्या, "खळ बसली. आता वाकत न्हाय." मागावरच्या सुताला जशी खळ देतात तशी माझ्या फळीला मिळाली होती. मी काकूंचे आभार मानले नाहीत. माझी रजा गेली होती.

जास्तीचं धोतर कातरून टाकलं, रेक्झिन परत चिकटवलं, क्लिपा ठोकल्या. रेक्झिनवर हात फिरवला की आतल्या कुरडयांची वेटोळी अजून हाताला लागतात, पण खटका मोकळा झाला. बोट घाला, ओढा, टक्. दार उघडं.

आई रोज संध्याकाळी उभ्या गाडीत जाऊन बसायची आणि सराव करायची. टक्, उघड. धाड, बंद. मान ताठ, चेहरा गंभीर, उतरताना आधी डावा पाय. शेजारचे बघायला यायचे. खटका तुटेल म्हणून माझा जीव वरखाली व्हायचा, पण तिला थांबवायची माझी हिंमत नव्हती.

बुद्धपौर्णिमेला निघालो. आई पांढऱ्या साडीत, मांडीवर कुरडयांचा डबा, आणि वाटभर एक हात दारावर. कुंभारी आली, वसाहतीची गल्ली आली. गल्ली जमलेलीच होती. सगळ्यांच्या पुढं मावशी उभी, हातात प्लास्टिकचं स्टूल. तिचे गुडघे आईच्यापेक्षा वाईट. दोन्ही हातांनी स्टूल धरून ती लंगडत आईच्या खिडकीपाशी आली, वाकून ते नीट ठेवलं, हलतंय का बघितलं. मग मागं वळून म्हणाली, "जयभीम करा आन् गप ऱ्हावा. कुनी हसायचं न्हाय. हसला त्याला खीर न्हाय!" आणि खिडकीकडं दोन्ही हात पसरून उभी राहिली. तोंड रडवेलं झालं होतं.

आईचं बोट खटक्यावर होतं. मी टक् ऐकायला कान टवकारले. माझ्या सगळ्या उन्हाळ्याचं चीज त्या एका आवाजात होणार होतं.

आईनं स्टुलाकडं बघितलं. मग बोट काढून घेतलं.

"काच खाली घे," मला म्हणाली.

"अगं, दार..."

"काच खाली घे म्हनलं न्हवं?" आणि काच उतरल्यावर बाहेर तोंड काढून, "न्हाय उघडत गं आक्का. धर मला."

आधी डबा गेला, मग आई. डोकं, खांदे, मग कमरेशी अडकली. मावशीनं ओढली, मी आतून ढकलली. दोघी स्टुलावर कलंडल्या आणि पहिल्यांदा आई हसली. मग मावशी, मग गल्ली. दोघी एकमेकींच्या गळ्यात पडून इतकं हसत होत्या की कोण रडतंय ते कळेना. मला खरंच राग आला होता. मी आत बसून चांगल्या दाराकडं बघत राहिलो, आणि माझेही डोळे का भरले ते मला तेव्हा कळलं नाही.

आईची दोन वाट्या खीर खाऊन झाली. कुरडया तळल्या. मावशी म्हणाली, "चव लई भारी हाय, पर जरा डांबरगोळीगत वास येतोय का गं?" आई म्हणाली, "न्हाय बाई."

परत निघताना आई माझ्याच बाजूनं, हँडब्रेकवरून, कण्हत आत बसली. घरी पोचल्यावर तिनं एका बोटानं खटका ओढला. टक्. डावा पाय खाली ठेवला आणि वळून म्हणाली, "चांगलं झालंय की रं. पर आक्काला बोलू नगं. फुडल्या पुनवंला बी जायचंय."