त्या दिवशी चपला पायातच होत्या

गाडीत बसायच्या आधी तो चपला काढायचा. देवळाबाहेर काढतात तशा, खाली रस्त्यावरच. मग माझ्या शेजारी बसून अनवाणी तळवे पत्र्यावर टेकवायचा, डोळे मिटायचा आणि म्हणायचा, "हाण आता. कान फसतोय, पाय फसत न्हाय."

उद्यमनगरात त्याची गॅरेजची पत्र्याची शेड होती. मी तेव्हा इचलकरंजीच्या एका यंत्रमागवाल्याकडे ड्रायव्हर होतो आणि मालकाची पिकअप दुरुस्तीला त्याच्याकडेच न्यायचो. तुम्ही म्हणाल, मिस्त्री लोकांच्या असल्या गमजा असतातच. मीही आधी हसलो होतो.

पण हुपरीचा एकजण आला. त्याची पिकअप जोरात गेली की थरथरायची. टायर बदलून झाले होते, तरी थरथर तशीच. आमचा मिस्त्री एक चक्कर मारून आला. "टायरची थरथर स्टेअरिंगला येती. ही बुडाखाली येतीया. शाफ्टचा सांधा, क्रॉस, गेलाय." खोललं तर तसंच निघालं. वर त्या बिचाऱ्यालाच दम, "टायर बदलाय कुणी सांगितलं हुतं तुला?"

मलाही त्यानंच शिकवलं. अ‍ॅक्सिलरेटर दाबला की मागून घुंऽऽ येतं आणि सोडला की सूर बदलतो. म्हणजे मागची चाकं फिरवणाऱ्या डिफरन्शियलचे दात झिजले. "आन् लबाड लोक काय करत्यात ठावं हाय? ऑइलात लाकडाचा भुसा कालवत्यात. गाडी इकंस्तवर गप्प बसती!" तेव्हा हसता हसता माझा चहा सांडला होता.

पुढे नोकरी सोडून स्वतःची पिकअप घ्यायचं ठरवलं. कोकणात भाजी न्यायची, दुसऱ्याचं ऐकून घ्यायचं नाही. गाडी त्यानंच शोधली. बघायलाही तोच आला. मी चालवली, तो शेजारी बसला. चपला पायातच. पाय चिखलानं भरलेत म्हणून असेल, असं मला वाटलं.

"काय म्हणतोय पाय?"

"डोळं झाकून घे की."

घेतली. डोळे झाकूनच घेतली.

काही दिवसांतच गगनबावड्याच्या पुढे, घाटात, भरल्या गाडीची मागची चाकं जाम झाली. गाडी कठड्याला घासत जाऊन थांबली. टोमॅटो रस्ताभर. स्टेअरिंग सोडवेना. गाडी ओढून वर गगनबावड्याला आणली. तिथल्या मिस्त्रीनं डिफरन्शियल खोललं, दातांच्या तुकड्यांबरोबर बाहेर आलेलं ऑइल बोटांनी चोळलं आणि हात माझ्यापुढे धरला. भुसा.

"कुणी गळ्यात मारली, पावणं?"



गाडी तिथंच टाकून तसाच उद्यमनगरात गेलो. तो डबा खात होता.

"भुसा कुणी घातला?"

"मीच." निदान खोटं तरी बोलायचं! "मेव्हण्याची गाडी हाय ती. कोण घीना. भन रडत आलती."

"मग मीच घावलो व्हय रं तुला?"

त्यानं भाकरी खाली ठेवली. "दुसरं कोण माझ्या शब्दावर घेतलं असतं?"

हलकट माणूस! माझा विश्वास होता, म्हणूनच त्यानं मला निवडलं. नवे दात बसवून देतो म्हणत तो मागे रस्त्यापर्यंत आला. मी त्याला पुन्हा गाडीला हात लावू दिला नाही.

आता ती शेड बंद आहे. तो कुठं गेला, मी विचारलेलं नाही.

ती पिकअप काढून टाकायची म्हणून परवा दुसरी बघायला गेलो. एकटाच. गाडीच्या मालकाला म्हटलं, तुम्ही चालवा, मी शेजारी बसतो. दार उघडलं आणि चपला आपोआप खाली रस्त्यावर निघाल्या. तळवे पत्र्यावर टेकले, डोळे मिटले, आणि गाडी हलायच्या आधीच मला रडू फुटलं.

"काय झालं ओ पावणं?"

"काय न्हाय," म्हटलं. "हाणा आता."